पृथ्वी आली वर्गात!

पृथ्वीचा गोल ही आपल्या शाळांतली मोठी जपून ठेवायची वस्तू असे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटावर, तो वर्षभर धूळ खात बसलेला असायचा. तपासणीसाहेब यायचे असले म्हणजे शिपाई तो ओल्या फडक्याने पुसून वर्गात आणून ठेवी. त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त भूगोलाच्या मास्तरांना. मुलांनी तो लांबूनच पाहायचा. त्यावर हिंदुस्थान तळहाताएवढा, महाराष्ट्र सुपारीएवढा, आणि आपले गाव? ते शोधायला बोट टेकवावे, तर बोटाखाली अख्खा जिल्हा झाकला जायचा!

आज तोच गोल कपाटावरून उतरून खिशात येऊन बसला आहे. बोटाने ढकलला की फिरतो, चिमटीने ताणला की जवळ येतो. आफ्रिका खंडावरून निघावे आणि क्षणार्धात आपल्याच वाड्याच्या गच्चीवर उतरावे. डोळ्यांना चष्मा लावला, तर रोमच्या चौकात उभे राहून मान वळवताच मागचे कारंजेही दिसते. अशी ही जादू वर्गात आणावी की नाही, यावर हल्ली शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर बरीच चर्चा झडते. एक पक्ष म्हणतो, आता मास्तरांची गरजच उरली नाही. दुसरा म्हणतो, मुले आधीच फोनपायी वाया चालली आहेत, त्यात हे आणखी एक खेळणे कशाला?

मी पडलो मराठीचा मास्तर. भूगोल शिकवणे हा माझा धंदा नव्हे. पण गेली काही वर्षे मीही हा गोल वर्गात घेऊन जातो, आणि अनुभवाने माझे एक मत बनले आहे. हा गोल दाखवतो पुष्कळ, पण सांगत काहीच नाही. सांगणारे माणूस शेजारी असेल तर त्याच्यासारखे दुसरे साधन नाही; नसेल तर तो नुसता गरगरणारा भोवरा. हे मत कशावरून बनले, ते सविस्तर सांगतो.

गोलाची जन्मकथा

कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी जानेवारी १९९८ मध्ये लॉस एंजेलिस येथे केलेल्या भाषणात एका संगणकीय पृथ्वीचे चित्र रंगवले होते. एक लहान मूल संग्रहालयात येते, डोक्यावर चष्मा चढवते, अवकाशातून पृथ्वी पाहते, आणि मग खाली खाली उतरत खंड, देश, शहर, घर आणि शेवटी झाडेसुद्धा पाहते. ऐकणाऱ्यांना तेव्हा ती परीकथाच वाटली असेल. पण सातच वर्षांत ती बरीचशी खरी झाली. कीहोल नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने असा गोल बनवला होता. २००४ साली गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ या नावाने तो गोल लोकांना फुकट दिला. आपल्या इस्रोनेही ऑगस्ट २००९ मध्ये ‘भुवन’ खुले केले. त्यात आपल्या देशाची उपग्रहचित्रे पाहता येतात.

एवढी थोरली पृथ्वी एवढ्याशा फोनात मावते कशी, असा प्रश्न पडेल. खरे म्हणजे ती मावतच नाही. दूरच्या संगणकांवर तिच्या चित्रांचे चौकोनी तुकडे करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक ठिकाणाची लांबून, जवळून, आणखी जवळून अशी चित्रे उतरंडीसारखी एकावर एक रचलेली असतात. आपण जेथे पाहू तेवढेच तुकडे तारेवरून आपल्यापर्यंत येतात. डोंगर उभे राहतात ते उंचीच्या मोजमापांमुळे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीचा उंचसखलपणा मोजला. अशा मोजमापांच्या सांगाड्यावर चित्र पांघरले, की सपाट पडद्यावर सह्याद्रीचे कडे उभे राहतात.

एक गैरसमज मात्र घरोघरी आढळतो. पुष्कळांना वाटते, की गोलावर दिसते ते आत्ता, या क्षणी घडते आहे. ‘बघा हं, अंगणात वाळत घातलेली साडी दिसते का!’ असे म्हणून सारे घर पडद्यावर वाकते. तसे काही नसते. हा गोल म्हणजे एक गोधडी आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या चित्रांचे तुकडे तीत शिवलेले असतात. म्हणून कधी कधी पावसाळ्यातल्या हिरव्या शिवाराला उन्हाळ्यातले करपलेले शिवार खेटून बसलेले दिसते. एवढे एकच शिवण मुलांना दाखवून दिले, तरी त्यांचे निम्मे शिक्षण होते. समोर दिसणाऱ्या चित्राला ‘हे केव्हाचे?’ असे विचारण्याची सवय लागते.

पेटीतली दुनिया

डोळ्यांना लावायच्या चष्म्याचे कौतुक तर त्याहून जुने. जत्रेत पेटीच्या भोकाला डोळा लावून दुनिया पाहण्याची हौस आपल्या आजोबा-पणजोबांनी भागवली होतीच. पण चित्राला खरीखुरी खोली आणण्याची युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडली. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागांवरून पाहतात. तशी दोन चित्रे काढून एकेका डोळ्याला एकेक दाखवले, की मेंदू त्यांची सांगड घालतो आणि वस्तू पुढे आलेली वाटते. आजचा महागडा चष्मा याच तत्त्वावर चालतो. मान वळवली की चित्रही वळते, एवढी भर त्यात पडली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अशा जोडचित्रांचे संच शाळांना विकले जात. अंडरवुड आणि अंडरवुड नावाच्या कंपनीने आपल्या देशाचाही एक संच काढला होता. जेम्स रिकाल्टन यांनी लिहिलेले त्याचे पुस्तक १९०७ साली निघाले. हे रिकाल्टन मुळात शाळामास्तर. त्या संचांतली एक गोष्ट मला फार आवडते. नुसती चित्रे देऊन ती मंडळी थांबत नसत. सोबत नकाशा असे, आणि प्रत्येक चित्र कोणत्या जागेवरून, कोणत्या दिशेला तोंड करून घेतले ते त्यावर रेघांनी दाखवलेले असे. पुस्तकात शेजारी उभ्या राहिलेल्या जाणत्या माणसासारखी माहिती असे: आपण अमुक ठिकाणी उभे आहोत, डावीकडे हे आहे, पलीकडे ते आहे. चित्र डोळ्यांना, नकाशा बोटाला आणि शब्द कानाला, अशी ती वाटणी होती.

आमच्या काळात काय झाले? २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला. पुठ्ठ्याच्या घडीत दोन भिंगे, आणि पुढे आपलाच फोन खोचायचा. शंभर-दोनशे रुपयांत काम भागे. लगोलग शाळांसाठी सहलींची योजना आली. शिक्षक पुढे, तीस मुले मागे, आणि सगळे एकदम समुद्राच्या तळाशी! जून २०२१ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. ज्या शिक्षकांनी केवळ तिच्यावर भिस्त ठेवून पाठ बसवले होते, त्यांच्या हाती पुठ्ठा तेवढा राहिला. यावरून एवढेच शिकायचे, की यंत्रे येतील आणि जातील; पाठ आपल्या डोक्यात हवा.

ही चहूकडून दिसणारी चित्रे आता चष्म्याशिवायही पाहता येतात. रस्त्यावर उभे राहून इकडेतिकडे पाहावे तशी चित्रे दाखवणारा ‘स्ट्रीट व्ह्यू’ अमेरिकेत २००७ मध्ये निघाला. आपल्याकडे तो जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झाला. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, होते. चष्मा लावून काहींना गरगरते, त्याचेही कारण साधे आहे. डोळे सांगतात आपण चाललो आहोत, आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण खुर्चीत बसलो आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, आणि शिक्षा होते बिचाऱ्या पोटाला!

भटजींबरोबर झाशीला

मराठीच्या तासाला या साऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. तर मंडळी, आमच्या मराठीतली एक अस्सल प्रवासकथा घ्या. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. मथुरेला मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत महूच्या आसपास त्यांना शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली, आणि पुढे १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे भटजी शहरातच होते. अखेर पैसा राहिला बाजूला, आणि ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक मी पूर्वी नुसते वाचून दाखवीत असे. मुले ऐकत, पण गावांची नावे त्यांच्या कानांवरून वाहून जात. कॅलिफोर्नियातल्या जेरोम बर्ग या इंग्रजीच्या शिक्षकांनी कादंबऱ्यांतले प्रवास गूगलच्या गोलावर मांडण्याचा उपक्रम केल्याचे मी वाचले होते. म्हटले, आपण आपल्या भटजींना का नेऊ नये?

पद्धत अशी ठेवली. आधी यंत्र बंद. मुलांनी पुस्तकाचा एकेक भाग वाचायचा आणि ठिकाणांची यादी करायची. मग गोलावर त्या ठिकाणी खूण टोचायची आणि खुणेच्या चौकटीत चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. शेवटी खुणा रेघेने जोडायच्या. वरसई ते झाशी हे अंतर पक्ष्याने उडत जावे तसे मोजले तरी नऊशे किलोमीटरांहून अधिक भरते. रोज पंचवीस किलोमीटर चालले तर किती दिवस, हा हिशेब एका मुलाने फळ्यावर केला. छत्तीस दिवस आल्यावर तो म्हणाला, “सर, पण हे पक्ष्याचे झाले. मध्ये तर सातपुडा आहे!” पडदा कलता केला, आणि सपाट नकाशावर कधी न जाणवलेला सातपुडा भिंतीसारखा आडवा आला. त्यामागे नर्मदा. भटजींच्या पायांना काय कष्ट पडले असतील ते वर्गाला तेव्हा कळले.

झाशीला पोचलो तेव्हा टेकडीवरचा किल्ला आणि त्याच्या पायाशी पसरलेले शहर एका नजरेत दिसले. कोणी तोफेचा मारा कुठून झाला असेल यावर वाद घालू लागले. पण गोलावरची झाशी आजची होती. रुंद सडका, पत्र्यांची छपरे, मोटारी. १८५८ च्या त्या दिवसांतली कत्तल, लूट आणि जिवाची धास्ती यांचा तिथे मागमूस नव्हता. ती होती मुलांच्या मांडीवर उघड्या पडलेल्या पुस्तकात. मी पडदा काळा केला आणि तो भाग वाचायला लावला. त्या दिवशी तासाची घंटा झाल्यावर कोणी उठायची घाई केली नाही.

आधी आठवण, मग चित्र

या गोलाने एका माणसाला त्याची आई परत मिळवून दिल्याची हकीकत जगप्रसिद्ध आहे. खांडव्याचा एक पाच वर्षांचा मुलगा १९८६ साली बऱ्हाणपूर स्टेशनावर गाडीत झोपी गेला आणि पोचला थेट कोलकात्याला. त्याला ना गावाचे नाव धड सांगता येई, ना आडनाव. पुढे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधील एका दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तेच सरू ब्रायर्ली. मोठेपणी त्यांनी गाडीत गेलेले तास आणि गाडीचा अंदाजी वेग यांचा गुणाकार करून कोलकात्याभोवती एक वर्तुळ कल्पिले, आणि रात्रीमागून रात्री गोलावर रेल्वेचे रूळ धरून ते फिरत राहिले. २०११ मध्ये त्यांना ओळखीची पाण्याची टाकी असलेले एक स्टेशन दिसले. तिथून रुळांवरून पुढे सरकत ते आपल्या मोहल्ल्यापर्यंत, गणेश तलाईपर्यंत पोचले. २०१२ मध्ये मायलेकरांची भेट झाली.

यंत्राचा हा विजय खराच. पण जरा विचार करा. ती टाकी उपग्रहाने सगळ्या जगाला दाखवली होती. ओळखली ती एकट्याने. पाच वर्षांच्या पोराने ती पंचवीस वर्षे मनात धरून ठेवली होती, म्हणून गोल उपयोगी पडला.

पाण्यात टोचलेली खूण

हेच मला आमच्या वर्गात फार जवळून पाहायला मिळाले. भटजींचा प्रवास संपल्यावर मी मुलांना सांगितले, प्रत्येकाने आपले मूळ गाव शोधावे आणि तिथे खूण टोचून एक पानभर लिहावे. वर्गात एकच गलका झाला. कोणाला देऊळ सापडले, कोणाला आजोळची विहीर. करमाळ्याकडची एक मुलगी मात्र गप्प बसून होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, “सर, आमचं गाव नाहीये.”

तिचे गाव उजनीच्या पाण्याखाली गेले होते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. आज तो जलाशय पाहायला लांबून लोक येतात, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. गोलावर मागच्या काळात जाण्याचीही एक सोय आहे. ही सोय २०२१ मध्ये आली, आणि १९८४ पासूनची उपग्रहचित्रे तीत सिनेमासारखी पुढे सरकताना दिसतात. तिने ती १९८४ पर्यंत मागे नेली. तेव्हाही पाणीच! गाव बुडाले आधी आणि चित्रे सुरू झाली नंतर. साऱ्या पृथ्वीचा हिशेब ठेवणाऱ्या या गोलाच्या वहीत तिच्या गावाचे पानच नव्हते.

मी म्हटले, “घरी कोणी पाहिलेलं आहे का गाव?” ती म्हणाली, “आजीनं.” “मग आजीला विचारून ये.”

दिवाळीच्या सुटीनंतर ती आली ती वही भरून घेऊन. आजीला गोल दाखवला तेव्हा ती आधी हसली म्हणे. मग नातीने दुष्काळी सालातले उन्हाळ्याचे चित्र काढले. पाणी आटून मागे सरलेले, काठाला चिखलाचा रुंद पट्टा. आजी पुष्कळ वेळ बघत राहिली. नंतर बोट ठेवून म्हणाली, “ही जुनी वाट. हितनं म्होरं मारुतीचं देऊळ. देवळापसनं उगवतीला चौथं घर आपलं. मागच्या अंगाला चिंच.” आणि मग एकेक घर, त्यातली माणसे, कोण कुठे उठून गेले, शेवटच्या दिवशी दाराची चौकट काढून बैलगाडीत कशी घातली, सारे निघाले. ती चौकट आजही त्यांच्या नव्या घराला आहे, हे त्या घरात वाढलेल्या नातीला तेव्हा प्रथम कळले.

आजीचे ते ‘देवळापासून उगवतीला चौथे’ ऐकून मला महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवली. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, ती ठिकाणे विसरली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या अनुयायांनी देवळांची, दारांची, दिशांची बारकाईने नोंद करून ठेवली. अशी जागा शब्दांत धरून ठेवण्याची विद्या मराठीत कित्येक शतके चालत आली आहे. आमच्या त्या मुलीने निळ्या पाण्याच्या मधोमध खूण टोचली, आणि तिच्या चौकटीत आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. ते पान वर्गात वाचले गेले तेव्हा गलका करणारी मुलेही आपापल्या खुणांकडे पुन्हा वळली. ज्यांनी नुसते ‘हे आमचे गाव’ एवढेच लिहिले होते, त्यांनी ते पुसले.

घरी काय करावे?

वाचकहो, हे सारे शाळा-कॉलेजांवरच सोडायचे कारण नाही. सुटीत मुलाच्या हातचा फोन हिसकावून घेण्यापेक्षा त्याच फोनवर त्याला कामाला लावता येईल. एक करावे: गोल उघडण्याआधी प्रश्न ठरवावा. आपल्या नदीचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? आत्या लग्न होऊन गेली ती वाट कोणत्या घाटाने उतरते? प्रश्न नसेल तर मूल दहा मिनिटांत पॅरिस, न्यूयॉर्क आणि पिरॅमिड पाहून कंटाळते. दुसरे, चित्र केव्हाचे ते विचारायला शिकवावे. तिसरे, चष्मा वापरायचा झाल्यास खुर्चीत बसून आणि थोडाच वेळ. गरगरू लागले की लगेच काढावा. चौथे, पाहून झाले की चार ओळी लिहवून घ्याव्यात, आणि त्या चांगल्या मराठीत असाव्यात. आम्हा मास्तरांचा तेवढा स्वार्थ!

आणि पाचवे, सगळ्यांत महत्त्वाचे. घरात आजी-आजोबा असतील तर गोल आधी त्यांच्यापुढे ठेवावा. वाडे पडले, ओढे बुजले, वाटा मोडल्या. उपग्रहाने ज्या कधी पाहिल्याच नाहीत त्या गोष्टी या मंडळींच्या डोक्यात अजून जशाच्या तशा आहेत. त्या विचारून घ्यायला आपल्या हाती किती दिवाळ्या आहेत, हे कोणी सांगावे? तेव्हा या भाऊबिजेला सारे जमले, फराळाची ताटे रिकामी झाली, की गोल उघडा आणि आजोबांना म्हणा, “दाखवा आपलं घर.” मात्र चष्मा त्यांच्या नाकावर आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या, नाहीतर ते अरबी समुद्रावर बोट ठेवतील, आणि सगळ्या गावाची वंशावळ तिथेच सांगत बसतील!